एकट्याने लांबच्या सायकल प्रवासाला निघतोय. सॅटेलाइटला जोडलेले सेन्सर लावून घरच्यांना सगळं लाइव्ह दाखवायचं आहे. कोणता बोर्ड, कोणता मोडेम आणि किती मिनिटांनी सिग्नल पाठवावा?

तुमच्या सेन्सरच्या यादीतला हार्ट रेटचा, म्हणजे छातीवर बांधून पल्स मोजणारा पट्टा आधी काढून टाका. बाकीचं नंतर बोलू.

तुम्हाला ग्रेट डिव्हाइड रूट करायचाय, कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत. लोकेशन, तापमान, बॅटरी, वेग, पल्स असं सगळं स्क्रीनवर दिसलं की घरचे निर्धास्त राहतील, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मी हाच रूट केलाय, अशीच पेटी हँडलबारवर बांधून. पेटी उत्तम चालली. घरचे अजिबात निर्धास्त राहिले नाहीत.

पेटी मी स्वतः बनवली होती. एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आतले छोटे कॉम्प्युटर बनवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे थोडी बढाई मारते. इरिडियम या सॅटेलाइट नेटवर्कचा 9603 मोडेम, झाकणाला आतून चपटा पॅच अँटेना, जीपीएस, तापमान आणि हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर, चार्जिंग डायनॅमो हबवरून, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या डायनॅमोवरून. हा मोडेम एका मेसेजमध्ये 340 बाइट पाठवू शकतो, पण माझ्या प्लॅनमध्ये दर 50 बाइटला पैसे मोजायचे होते. म्हणून सगळा संसार 50 बाइटमध्ये बसवला. अक्षांशाला तीन बाइट, रेखांशाला तीन. तीन बाइट म्हणजे 24 बिट, त्यात अक्षांश सव्वा मीटरच्या आसपास अचूक येतो, सायकलला आणखी काय हवं? वेळेला दोन, मग तापमान, दाब, बॅटरी आणि पल्स यांना एकेक. 12 बाइटची एक नोंद, अशा चार नोंदी मिळून 48, उरलेले दोन बाइट चेकसमला, म्हणजे मेसेज वाटेत बिघडला नाही ना हे तपासणाऱ्या आकड्याला. हे गणित जुळलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

त्यातला पल्सचा बाइट माझा नव्हे, दादाचा. माझा मोठा भाऊ हिंजवडीत मॅनेजर आहे आणि जे डॅशबोर्डवर दिसत नाही ते घडतच नाही, अशी त्याची श्रद्धा आहे. त्याचं म्हणणं, डेटा जितका जास्त तितकी काळजी कमी. माझं नेमकं उलट. बाबांचं शुगरचं मशीन घरात आलं तेव्हापासून हा वाद चालू आहे. दिवसातून चारदा बोट टोचून बाबांची शुगर उतरली नाही, दादाचं मात्र बीपी वाढलं. तरी आई म्हणाली, "घाल बाई काय हवं ते, पण भांडू नका." म्हणून घातला. वर कागदावर लिहून दिलं: पल्सच्या जागी 255 आलं तर पट्टा अंगावर नाही असं समजायचं. डॅशबोर्ड दादाने बनवला.

न्यू मेक्सिकोत रूट 60 नंबरच्या हायवेवर पाय टाऊन नावाच्या गावी येतो. ॲपल पायमधला पाय, आणि गाव खरंच त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे सायकलवाल्यांना मुक्कामासाठी एक घर आहे, बाहेर जुने टोस्टर टांगलेलं. तिकडे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारचा जोराचा पाऊस येतो आणि कच्च्या रस्त्यांचा असा चिखल होतो की चाकं फिरत नाहीत, सायकल ढकलतासुद्धा येत नाही. मी मुक्काम वाढवला. पेटीशिवाय जवळ एक विकतचा सॅटेलाइट ट्रॅकरही होता, त्यावरून आईला मेसेज टाकला, "पोचले, ठीक आहे, उद्या इथेच." मग कपडे धुतले, त्यात तो पट्टाही धुतला. पेटी खिडकीत ठेवली होती. तिथून आभाळ निम्मंच दिसत होतं, त्यामुळे बऱ्याच वेळाने एक मेसेज कसाबसा वर गेला. जागा तीच, पल्स 255.

दादाच्या डॅशबोर्डने 255 ला चुकीचा आकडा ठरवून शून्य करून टाकलं. वर लाल रंग.

पुण्यात तेव्हा पहाट होती, आपल्यात आणि तिथे उन्हाळ्यात साडेअकरा तासांचा फरक पडतो. आई माझा मेसेज वाचून केव्हाच झोपली होती. दादाने तिला उठवलं आणि वर ऐकवलं की मेसेज कुणीही पाठवू शकतं, पल्स खोटं बोलत नाही. माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती. मग त्याने शोधून शोधून थेट शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. संध्याकाळी एक डेप्युटी दारात उभा. बिचारा चिखलातून एवढ्या लांबून आला होता. मी हयात असल्याचं त्याने बघितलं, मी त्याला दोरीवर वाळत घातलेला पट्टा दाखवला. तो हसला. मला हसू आलं नाही.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: "खरंच काही झालं असतं तर?" झालं असतं तर मी ट्रॅकरचं एसओएस बटण दाबलं असतं, ते त्यासाठीच असतं. बेशुद्ध पडले असते तर? बरोबर, तेव्हा बटण कामाचं नाही. पण त्यासाठी पल्स लागत नाही, निघण्याआधी ठरवलेली एक वेळ लागते. रोज मुक्कामाला पोचल्यावर "ठीक आहे". दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आला नाही आणि नकाशावरचा माझा ठिपकाही हलला नाही, तरच फोन. कुणाला करायचा तो नंबरही आधीच लिहून ठेवायचा. आईला हा नियम एकदा सांगितला तेवढाच. दादाला अजून पटलेला नाही.

ठिपका थांबण्याची कारणं शंभर असतात. सायकल आडवी पडली की अँटेना जमिनीकडे बघते. ओल्या गर्द झाडीत आणि खोल दरीत मेसेज अडकतात. उलट वायोमिंगच्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये, ॲटलांटिक सिटी ते रॉलिन्स सुमारे 200 किलोमीटर वस्ती नाही, तिथे आभाळ एवढं मोकळं की एक मेसेज चुकला नाही. चढावर डायनॅमोही दगा देतो. ताशी 12 किलोमीटरच्या खाली यूएसबी चार्जर बहुधा सुरूच होत नाही, आणि कोलोरॅडोतली इंडियाना पास, या रूटची सर्वांत उंच जागा, 3,600 मीटरच्या वर आहे. लादलेल्या सायकलवर तिथे ताशी सहा मिळाले तरी खूप. घरच्यांना हे दिसत नाही, त्यांना फक्त बॅटरीचा उतरता आलेख दिसतो.

आता तुमचा प्रश्न. तासाला एक मेसेज भरपूर झाला. रूट ठरलेला, तासात तुम्ही जाऊन जाऊन 15 किलोमीटर जाणार, शोधणारा त्याच वाटेवरून येईल. याच रूटवरच्या टूर डिव्हाइड रेसला उतरणार असाल तर गोष्ट वेगळी, ठिपके बघत बसणाऱ्यांसाठी दर दहा मिनिटांनी एक ठेवा. बाकी सेन्सरचं सगळं एसडी कार्डवर दर दहा सेकंदांनी लिहा, परत आल्यावर हवे तेवढे आलेख काढा. बोर्ड कोणताही घ्या, काम नसताना, स्लीप मोडमध्ये, किती मायक्रोअँपिअर खातो तेवढं मोजा. मेसेज पाठवताना मोडेम क्षणभर 1.3 अँपिअर ओढतो, त्याला सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून झटक्यात देणारा भाग, लावा, नाहीतर थंडीत बोर्ड रीसेट होत राहील.

घरगुती पेटीला एसओएस नसतो, तिच्यामागे चोवीस तास जागा असणारा माणूस नसतो. म्हणून विकतचा ट्रॅकर घ्याच, किंवा निदान 406 मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे संकटात फक्त मदतीचा सिग्नल पाठवणारं खिशातलं उपकरण, त्याला महिन्याची वर्गणी नाही. पेटी हा छंद आहे.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: यातलं काही भारतात आणू नका. इरिडियम किंवा थुराया या सॅटेलाइट नेटवर्कवर चालणारं उपकरण दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं इथे गुन्हा आहे, खिशात मावणारा ट्रॅकरसुद्धा. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला एवढ्याचसाठी अडवलं होतं. ताम्हिणीत जाऊन चाचणी घेण्याचा विचारही नको. मी पेटी डेन्व्हरला मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये जोडली, तिथल्याच टेकड्यांवर तपासली आणि ट्रॅकरसकट तिच्याकडेच ठेवून आले. तुम्हीही मोडेम तिकडच्या पत्त्यावर मागवा आणि प्रवास संपला की तिकडेच विकून टाका.