वकिली सोडायचीय, पण मग करू काय?

प्रश्न : नमस्कार ताई, ११ वर्षं दिवाणी कोर्टात वकिली करतेय, वय ३७. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, उद्या बोर्डावर काय काय आहे तेच डोक्यात फिरत राहतं. अशिलांचे रात्री फोन, समोरच्या वकिलाचा आरडाओरडा, सगळं घरी घेऊन येते मी. ड्राफ्टिंग मात्र अजूनही आवडतं, एखादा करार नीट बसला की बरं वाटतं. घरचे म्हणतात एवढं शिकून सोडणार? आणि खरं सांगू, मला दुसरं काही येतच नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी अडले. ११ वर्षं तुम्ही रडणाऱ्या, चिडलेल्या माणसाच्या तोंडून घटना काढून घेतल्यात, त्यातलं कामाचं काय ते निवडून कागदावर मांडलंयत, मुदती पाळल्यात, आणि "दुसरं काही येत नाही" म्हणताय? असं नका म्हणू हो.

मला वाटतं तुम्हाला कायदा नकोसा झालेला नाहीये, भांडण नकोसं झालंय. हे दोन वेगळे धरा कारण पुढची वाट त्यावरच ठरते. महिनाभर एका वहीत रोज फक्त एवढंच लिहा, आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही आणि कुठल्या कामाने जीव घाबरा झाला. भविष्याचं काही लिहू नका, फक्त त्या दिवसाचं.

तुम्ही लिहिलंयत त्यावरून मी आधी कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट विभागाकडे बघेन. करार तयार करणं, वाटाघाटी, नूतनीकरणाच्या तारखा, हे सगळं तिथे चालतं आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा सौदा व्हावा म्हणूनच बसलेला असतो, हा फरक फार मोठा आहे. दुसरं म्हणजे कंप्लायन्स, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळतेय ना ते बघणं, आणि त्यातही डेटा प्रायव्हसी, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपणं. युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात काही प्रकारच्या संस्थांना डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमावाच लागतो आणि त्या माणसाला डेटा संरक्षणाचा कायदा आणि प्रत्यक्ष कामकाज याची जाण हवी असं म्हटलंय, वकिलीची सनदच हवी असं नाही. पण कायदा वाचायची सवय असलेल्याला इथे सुरुवातीलाच सोपं जातं. कायद्याची पुस्तकं आणि डेटाबेस काढणारे प्रकाशक आहेत, कायद्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांनाही कोर्टाचं काम आतून माहीत असलेली माणसं लागतात. शिकवणं आहेच, फक्त पूर्णवेळ प्राध्यापकीला बहुतेक ठिकाणी पुढची पदवी मागतात.

मेडिएशनबद्दल, म्हणजे दोन्ही बाजूंत मध्यस्थी करून तडजोड घडवण्याबद्दल, मात्र जरा थांबून विचार करा. वकिली सोडायची म्हटलं की सगळे हेच सुचवतात, आणि काम सुंदर आहेच, पण तिथेही दोन भांडणारी माणसं समोरच बसलेली असतात, तुम्ही कोणाच्याच बाजूने नसता एवढंच. तुम्हाला आत्ता भांडणाचा आवाजच नकोय, तर आत्ता नको. शिवाय ट्रेनिंग घेतलं तरी केसेस मिळायला वेळ लागतो, सुरुवातीला त्यावर घर चालेल असं धरू नका.

अर्ज करताना सीव्हीत "दिवाणी दावे चालवले" एवढंच लिहून पाठवू नका, वकील नसलेल्याला त्यातून काही कळत नाही. एका वेळी किती फाइली सांभाळल्या, किती प्रकरणांत तडजोड घडवून आणली, किती मोठ्या रकमेचे करार तपासले असं लिहा. फक्त अशिलाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको, गोपनीयतेचं बंधन वकिली सोडल्यावरही सुटत नाही.

घरच्यांना "सोडतेय" म्हणण्यापेक्षा किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय ते दाखवा, त्यांची भीती बरीचशी पैशाची असते, आणि ती चुकीची नाही. पहिल्या नोकरीत कदाचित आत्तापेक्षा कमी मिळेल याचीही तयारी ठेवा.

आणि सनद रागाच्या भरात परत करू नका! काही ठिकाणी पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते, तुमच्या बार कौन्सिलचा नियम काय आणि पुन्हा सुरू करायची झाली तर काय करावं लागतं हे आधी लेखी विचारून घ्या. चालू प्रकरणांत अशिलाला वेळेवर सांगा, पुढच्या वकिलाकडे फाइल पोचली की पोच घ्या, जमा असलेल्या पैशांचा हिशोब पूर्ण करा. व्यवसायाचा विमा असेल तर तो लगेच बंद करू नका, जुन्या कामावरून दावा नंतरही येऊ शकतो, विमा कंपनीला रन-ऑफ कव्हरचं, म्हणजे काम थांबवल्यावरही जुन्या कामावरच्या दाव्यांसाठी चालू राहणाऱ्या विम्याचं विचारा.

वही आजच सुरू करा आणि महिन्याने मला पुन्हा लिहा, तेव्हा त्यात काय दिसतंय ते बघून पुढचं बोलू.