गोव्यात मांद्रेतल्या तुझ्या भाड्याच्या खोल्यांचे दर एआयला विचारून ठरवणार आहेस म्हणून सांगतो

एआयला दर विचारायच्या आधी तुझी वही नीट कर. तारीख, खोली, दर, किती दिवस आधी बुकिंग झालं, रद्द झालं का, एवढं एक्सेलमध्ये भर. गर्दीचा अंदाज बांधणारं एआयचं मॉडेल जुन्या आकड्यांतूनच शिकतं, आणि आपल्या पेडणे तालुक्यातले जुने आकडे फसवे आहेत. २०२० आणि २०२१ कोविडची वर्षं, ती वेगळी ठेव. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, तिथून गिऱ्हाइकाची वाटच बदलली. त्याआधीचा डेटा आणि नंतरचा डेटा एका मापाने मोजू नकोस.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आणि कार्निव्हल दरवर्षी वेगळ्या तारखांना येतात. त्यांचा वेगळा रकाना केलाच पाहिजे. मी तो केला नव्हता. मॉडेलने मागच्या वर्षीच्याच तारखांना गर्दी दाखवली, मी दर चढवले आणि अख्खा आठवडा खोल्या रिकाम्या राहिल्या. शिवाय चवथीला कामगार गावी जातात, हे त्याला कुठून कळणार रे? ते तूच धरायचंस.

एकच आकडा मागू नकोस. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, असं विचार. चॅटजीपीटीसारखं साधन कधीकधी चुकीचं उत्तरही ठामपणे देतं, म्हणून बेरीज एक्सेलमध्येच कर. मात्र पाहुण्यांच्या शंभर अभिप्रायांतून नेमक्या तक्रारी काढायला ते खरंच उपयोगी आहे. मला पाण्याच्या दाबाची तक्रार तिथेच सापडली. फक्त पाहुण्यांचे पासपोर्ट, आधार, फोन नंबर त्यात कधीच टाकू नकोस.

पहिला पावसाळा नुसता अंदाज लिहून ठेव आणि प्रत्यक्षाशी ताडून बघ. दर ऑक्टोबरपासून बदल.