पहिल्या वर्षापासून रिसर्च करायचा म्हणतेस

तुझा मेसेज तुझ्या आईने मला पुढे पाठवला. ऑगस्टमध्ये तू नाशिकहून अमेरिकेत बायॉलॉजीच्या चार वर्षांच्या डिग्रीला येते आहेस. पहिल्या वर्षापासून रिसर्च सुरू करता येतो का, एवढ्या लहान मुलांना लॅबमध्ये कोणी घेतं का, त्याचे पैसे मिळतात का, असं विचारलंयस. आणि अगदी खाली, ‘मावशी, तिकडे एकटं वाटतं का?’ चार दिवस झाले, रोज लिहायला बसते आणि उठते. माझी लेक याच वाटेने गेली, आणि तिच्या वाटेत मी किती वेळा आडवी आले ते तुझ्या एकेका प्रश्नाबरोबर आठवत गेलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

व्हिसाची मुलाखत, आय-ट्वेंटीचा फॉर्म, विमा, राहण्याची सोय हे सगळं तुझ्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे. ते सोडून देते.

घेतात का? घेतात. इथे ही जुनी रीत आहे. १९१०च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत थॉमस हंट मॉर्गन यांची एक लहानशी खोली होती. दुधाच्या बाटल्यांत पिकलेली केळी घालून तिथे फळमाश्या पाळलेल्या असत. कॅल्विन ब्रिजेस नावाचा डिग्रीचा विद्यार्थी तिथे बाटल्या धुण्याच्या कामाला लागला, आणि धुता धुता बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्याच लाल रंगाच्या डोळ्यांची एक माशी दिसली. दुसरा आल्फ्रेड स्टर्टव्हंट. त्याने १९११ मध्ये एका रात्री कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवला आणि माश्यांच्या क्रॉसचे, म्हणजे संकराचे, आकडे घेऊन गुणसूत्रावर कुठला जीन कुठे असेल याचा जगातला पहिला नकाशा काढला. तेव्हा त्याची डिग्रीही पूर्ण झाली नव्हती. मॉर्गनना १९३३ चं नोबेल मिळालं तेव्हा बक्षिसाच्या पैशातला वाटा त्यांनी या दोघांच्या मुलांसाठी दिला. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने डिग्रीच्या मुलांसाठी रीतसर योजना सुरू झाली, आणि आता बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांत यासाठी वेगळं ऑफिस असतं.

हे एवढं सांगितलं, कारण तू कोणाकडे उपकार मागायला जात नाहीयेस हे तुझ्या मनात पक्कं बसायला हवं. मी लेकीला नेमकं उलटं शिकवलं. ‘कुणाला त्रास द्यायचा नाही, आपणहून मागायचं नाही, आधी ग्रेड सांभाळ, सर स्वतः बोलावतील.’ आम्ही कराडला शिकत होतो तेव्हा असंच होतं, हुशार मुलांना सर हाक मारून बोलवायचे. इथे कोणी हाक मारत नाही. तिची दोन वर्षं उत्तम ग्रेड घेण्यात गेली, आणि तिसऱ्या वर्षी तिला कळलं की तिच्या वर्गातली निम्मी मुलं पहिल्या वर्षापासून कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये आहेत. त्यांच्यापेक्षा हिचे मार्क जास्त होते. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर सुरुवात अशी कर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लेक्चरची घडी बसू दे. मग डिपार्टमेंटच्या पानावर कोण कशावर काम करतंय ते वाच आणि तीनच नावं काढ. प्रत्येकाचा एक पेपर वाच. समजणार नाही. प्रस्तावना, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढं वाचून एक खरा प्रश्न पडला तरी पुरे. मग ईमेल. पाच-सहा ओळी, बास. तू कोण, कुठल्या वर्षाला, त्यांच्या कुठल्या कामाबद्दल काय वाचलंस, काय विचारायचंय, आठवड्यात कुठले तास मोकळे आहेत, आणि पंधरा मिनिटं भेटता येईल का. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायचं नाही, ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. आपल्याकडची ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ छापाची वाक्यं लिहायची नाहीत. तोच मजकूर तीस जणांना पाठवलेला तर लगेच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण कर. तरी नाही आलं तर सोड, त्यात अपमान नाही.

ईमेलपेक्षा चांगलं म्हणजे ऑफिस अवर्स. आठवड्यातले ठरलेले तास प्रोफेसर दार उघडं ठेवून विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतात आणि बऱ्याचदा कोणीच येत नाही. तिथे जा. आणि प्रॅक्टिकल घेणारे पीएचडीचे विद्यार्थी असतात त्यांच्याशी ओळख कर. तुला लॅबमध्ये खरं शिकवणार तेच असतात. कुठल्या लॅबमध्ये माणसं वर्षानुवर्षं टिकतात आणि कुठून सहा महिन्यांत निघून जातात, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

लॅब मिळाली की आधी सेफ्टीचं ट्रेनिंग, मग धुणं-पुसणं, लेबलं लावणं, इतरांच्या माश्यांना नाहीतर उंदरांना खाऊ घालणं. दोन-तीन महिने हेच. याला हमाली समजू नकोस. आणि आठवड्याची ग्रुप मीटिंग असते तिला कोपऱ्यात का होईना, बस.

माझ्या लेकीला तिसऱ्या वर्षी जी लॅब मिळाली ती फळमाश्यांचीच. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या स्वेटरला वास येत होता, आणि मी स्वयंपाकघरात जागच्या जागी थांबले. गुऱ्हाळाचा वास! माश्यांचं खाणं मक्याचं पीठ, यीस्ट, अगार आणि काकवी घालून शिजवतात. कराडजवळ आजोळी हिवाळ्यात गुऱ्हाळ लागायचं, तिथून फ्रॉकला असाच वास घेऊन आम्ही घरी यायचो. इतक्या वर्षांनी ओहायोत माझ्याच दारात तो वास आला. मी तिला ते सांगितलं नाही. ‘आधी आंघोळ कर’ म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

काम कसं असतं ते बघ. क्रॉस करायचा तर माद्या कोऱ्या लागतात, म्हणजे नराशी संबंध न आलेल्या. पंचवीस अंशांत ठेवलेली माशी कोशातून बाहेर आली की साधारण आठ तासांच्या आत तिला वेगळं काढावं लागतं. नुकतीच बाहेर आलेली मादी फिकट असते आणि तिच्या पोटावर एक काळसर ठिपका दिसतो, त्यावरून ओळखायचं. माश्या कार्बन डायऑक्साइडने गुंगवून पांढऱ्या पॅडवर ओतायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने एकेक बाजूला सारायची. रात्री ट्यूब अठरा अंशांत ठेवल्या तर सगळं सावकाश होतं, म्हणून ती रात्री अकराला जाऊन ट्यूब हलवून यायची आणि सकाळी सातला पुन्हा हजर. तू वर्गाच्या वेळापत्रकाचा हिशेब करशील तेव्हा माश्यांच्या वेळापत्रकाचाही कर. त्यांना तुझी मिडटर्म माहीत नसते.

आता जे सांगते ते मन लावून वाच. शिकाऊ म्हणून तिला एक साधा क्रॉस दिला होता, खुरट्या पंखांच्या माश्यांचा. दुसऱ्या पिढीत तीनास एक, म्हणजे साध्या पंखांच्या तीन माश्यांमागे खुरट्या पंखांची एक, यायला हवं. आलं १८७ आणि ४१. ती रात्री जेवताना रडवेली झाली होती. मी म्हटलं, ‘अगं, थोडं जुळवून घे ना, शिकाऊच तर आहे.’

तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

मला त्यात काही गैर वाटलंच नव्हतं, हे तुला खरं सांगते. आम्ही बीएस्सीला तेच केलं. बार पेंड्युलमवरून, म्हणजे झुलत्या धातूच्या पट्टीवरून, गुरुत्वत्वरण काढायचं तर उत्तर ९८० च्या आसपास यायला हवं. नाही आलं की उत्तरावरून मागे येत दोलनांचे सेकंद बसवायचे. रीडिंग बसवणं हा शब्दच होता, आणि जर्नल सुवाच्य असलं की सही मिळायची. तूही अकरावी-बारावीत केलं असशील. इथे पाय ठेवलास की पहिली ती सवय सोड. वहीत पेनाने, तारीख घालून, जे आलं ते. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. पान फाडायचं नाही.

तिच्या लॅबमधल्या पीएचडीच्या मुलीने तो आकडा बघून तिला विचारलं, ट्यूबमध्ये माश्या किती घातल्या होत्यास? गर्दी झाली की खुरट्या पंखांच्या अळ्या मागे पडतात, मरतात, म्हणून कमी मोजल्या जातात. कमी माद्या घालून पुन्हा केलं तेव्हा आकडा तीनाच्या जवळ आला. ती त्या दिवशी इतकी खुशीत होती! माझं ऐकून ४१ चे ६० केले असते तर हा सगळा शोध तिच्या हातून गेला असता, आणि कदाचित ती लॅबही.

पैशांचं. तू एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येशील, तेव्हा सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत पगारी काम करता येतं. लॅबचं कामही त्यात बसतं. मात्र पहिल्या सेमिस्टरला बहुतेक जण पैसे देत नाहीत, क्रेडिट देतात, म्हणजे ते काम डिग्रीच्या विषयांत धरलं जातं. ते घे, कुरकुर करू नकोस. उन्हाळ्यात दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊन रिसर्च करायची एक मोठी सरकारी योजना आहे, आरईयू नावाची, १९८७ पासून चालू. तिच्याबद्दल सगळे तुला सांगतील. तिचं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या बऱ्याच योजनांचं असंच आहे, तेव्हा फॉर्म भरायला घेण्याआधी पात्रतेची ओळ वाच. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पैशातून दिल्या जाणाऱ्या उन्हाळी फेलोशिप असतात, तिथे नागरिकत्व विचारतीलच असं नाही. तुझ्यासाठी शोधायच्या त्या.

माझ्या लेकीने ती ओळ शेवटी वाचली. निबंध लिहून झाला होता, दोन शिफारसपत्रांची सोय झाली होती, आणि मग खाली नागरिकत्वाचा रकाना आला. ती या देशात आठ वर्षांची असल्यापासून आहे. शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून इथल्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणायची. पण आम्ही नवऱ्याच्या एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि ती कुटुंबीयांच्या एच-फोरवर, म्हणजे शिकायची परवानगी, कमवायची नाही. कॅम्पसवर तासाचे पैसे घेऊन ट्यूब धुणंसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात तिने स्वतःच्याच लॅबमध्ये क्रेडिटवर काम केलं, आणि उन्हाळ्यातल्या क्रेडिटची फी वेगळी भरावी लागते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला दहा आठवड्यांचे पैसे मिळत होते आणि आम्ही तेच काम करायला पैसे भरत होतो. मी तो चेक लिहिला तेव्हाचा माझा हात मला अजून दिसतो.

आणि यात माझाही दोष आहेच. ती अठरा वर्षांची झाली तेव्हाच परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सुचवलं होतं की हिला एफ-वनवर घ्या. आम्ही घाबरलो. ग्रीन कार्डचा अर्ज घातलेला, त्यात हा दुसरा अर्ज नाकारला तर? शिवाय ग्रीन कार्डच्या रांगेतली आमची तारीख पुढे सरकेल म्हणून दर महिन्याला सरकारचा तो तक्ता बघत बसायचो. तारीख सरकली नाही. एकविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या तोंडावर ती एच-फोरमधून बाहेर पडणारच होती, तेव्हा धावपळ करून एफ-वन केला, आणि डिग्रीचं शेवटचं सेमिस्टर तेवढं तिला पगार मिळाला. तुझ्या बाबतीत हे काही होणार नाही. तू पहिल्या दिवसापासून एफ-वन आहेस. पण तुझ्या ओळखीत कोणी मुलांना घेऊन एच-वनवर येत असेल तर त्यांना माझा हा परिच्छेद दाखव.

तुझ्या बाबांना पुण्याचं आयसर, ती विज्ञान शिक्षणाची सरकारी संस्था, का सोडलं याची रुखरुख आहे, असं आईने लिहिलंय. त्यांचं अगदीच चूक नाही. तिथे पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये शेवटचं वर्ष रिसर्चचंच असतं. मानखुर्दला होमी भाभा केंद्राचा डिग्रीच्या मुलांसाठी कार्यक्रम आहे. रिसर्च फक्त अमेरिकेत होतो असं समजून येऊ नकोस. निर्णय झालाय तर आता मागे बघू नकोस, एवढंच.

एकटं वाटतं का? वाटतं. नोव्हेंबरात घड्याळं मागे जातात आणि पाच-साडेपाचला अंधार पडतो, तेव्हा जास्त. चांगला कोट घे, रोज एकदा बाहेर पड, रविवारी आईला फोन कर. होतं मग.

पहिला ईमेल लिहिलास की पाठवण्याआधी मला दाखव. मी तो कमी करून देईन, वाढवून देणार नाही. आणि तुझ्या आईला एक निरोप दे. एफवायला तिने बार पेंड्युलमचं जर्नल माझ्या वहीवरून उतरवलं होतं आणि सरांनी आम्हा दोघींना दहापैकी नऊ दिले होते. तिला तेव्हा सांगायचं राहिलं. माझं उत्तर ११०० च्या वर आलं होतं.