भिंतीवर पट्टे आणि उंचवटे दिसत असतील तर रंगाचा तिसरा हात द्यावा का?

सांगलीतील आपल्या हॉलला दोन हात पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप) आणि दोन हात प्लास्टिक इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) देऊनही संध्याकाळी दिवे लागले की भिंतीवर पट्टे आणि उंचवटे दिसतात, तेव्हा रंगाचा आणखी एक हात द्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, आत्ताच देऊ नये. इमल्शनचा वाळलेला थर कागदापेक्षाही पातळ असतो. तो खालचा खड्डा भरून काढत नाही आणि रंगाला चकाकी असेल तर उलट तो खड्डा अधिक उठून दिसतो.

आधी दोष नेमका कशाचा आहे ते पाहावे. खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवावी आणि तिचा झोत भिंतीच्या अंगाने सोडावा. बारीक सावल्या पडल्या तर दोष पुट्टीचा किंवा गिलाव्याचा असतो. सावली न पडता नुसता फिकट-गडद फरक दिसला तर तो रोलरचा किंवा प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, असतो. हीच तपासणी रंग लावण्यापूर्वी, पुट्टी घासून झाल्यावर केली असती तर काम निम्म्याने वाचले असते. परंतु आपल्याकडे बहुतेक पेंटर दिवसाच्या उजेडात काम उरकतात आणि घरमालक भिंत पाहतो ती रात्री ट्यूबलाइटखाली.

सावल्या पडत असतील तर संपूर्ण भिंत १८० नंबरच्या पॉलिशपेपरने हलके घासून रंगाची चकाकी मोडावी. पेपर नुसत्या हाताने न धरता लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळावा, कारण बोटांच्या दाबाने भिंतीवर नव्या खाचा पडतात. त्यानंतर खड्ड्यांवर ॲक्रिलिक पुट्टी रुंद पट्टीने पातळ ओढावी आणि गरज पडल्यास वाळल्यावर दुसरा थर द्यावा. येथे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी वापरू नये. ती उघड्या, किंचित ओलसर केलेल्या गिलाव्यावर घट्ट बसते, जुन्या रंगावर मात्र तिची पकड कच्ची राहते आणि पुढे तिचे पोपडे निघतात. पुट्टी पूर्ण वाळल्यावर ती २२० आणि शेवटी ३२० नंबरच्या पेपरने घासावी, ओलसर फडक्याने सगळी धूळ पुसून घ्यावी आणि पुट्टी लागलेल्या प्रत्येक ठिकाणी प्रायमर लावावा. प्रायमर वगळला तर तेवढी जागा रंग जास्त पिते आणि तेथे डाग दिसत राहतो.

नुसते पट्टेच असतील तर त्यांचे कारण बहुधा उन्हाळा असते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत दुपारी पंखा चालू ठेवून रंग दिला, की रोलरची एक पट्टी दुसरी लागण्याआधीच सुकते आणि सांध्यावर रंग दुहेरी बसतो. म्हणून सकाळी पंखा बंद ठेवून काम करावे, एक भिंत सुरू केली की ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता पूर्ण करावी आणि ओल्या कडेवरच पुढची पट्टी चढवावी. रोलर आखूड लवेचा असावा. रंगात पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच घालावे आणि मिश्रण पातळ सुती कापडातून गाळून घ्यावे, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या गुठळ्या भिंतीवर येत नाहीत.

आपले घर कृष्णेच्या काठच्या भागात असेल आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे पाणी आत आले असेल, तर खालच्या तीन-चार फुटांकडे वेगळे लक्ष द्यावे. तेथे पांढरी खारट बुरशीसारखी पूड फुटत असेल तर ते ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार असतात. सुमारे फूटभर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले तर ओल अजून आहे, आणि ती जाईपर्यंत कितीही महागडा रंग टिकणार नाही.

या वेळी पेंटरशी दर ठरवताना घासकाम, धूळ पुसणे आणि प्रायमर या गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. चौरस फुटाच्या एकाच ठोक दरात काम दिले, की पहिली काटछाट नेमकी यांचीच होते. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी संध्याकाळी बॅटरी लावून दोघांनी मिळून भिंत पाहायची, अशी अटही त्याच वेळी घालावी, आणि इमल्शन निवडताना जास्त चकाकीच्या प्रकाराऐवजी मॅट घ्यावे; जुन्या, हाताने गिलावा केलेल्या भिंतीचे उरलेसुरले दोष त्यात पुष्कळ झाकले जातात.