मॉरिशस ते रियुनियन: २३० किलोमीटरला पाऊण तास का?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय की मॉरिशसला गेल्यावर शेजारचं रियुनियन बेट बघून यायचं आहे. एक संकेतस्थळ उड्डाण २८ मिनिटांचं सांगतं, विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र पाऊण तासाच्या वर दिसतं. खरं काय धरायचं, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का?

ताई, वेळापत्रकातलं धरा. तो २८ मिनिटांचा आकडा म्हणजे नुसता भागाकार आहे. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण २३० किलोमीटर, त्याला ताशी ५०० नं भागलं की झालं. एटीआर-७२ सारखं पंख्याचं विमान वर स्थिर झाल्यावर साधारण त्या वेगानं जातं हे खरं, पण एवढ्याशा प्रवासात ते स्थिर असतं किती वेळ? चढणं संपतंय तोवर उतरणं सुरू होतं. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंतची असते.

सरळ रेषाही कागदावरचीच. त्या भागात वारा बहुतेक वेळा आग्नेयेकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड करूनच उडतं, उतरतं. मॉरिशसची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे. म्हणजे रियुनियन पश्चिमेला, पण विमान निघणार आग्नेयेकडे तोंड करून, मग मोठं वळण घेऊन मागे फिरणार. पलीकडे पोचल्यावर तसंच: विमानतळ ओलांडून सेंट डेनिसच्या (रियुनियनच्या राजधानीच्या) बाजूनं समुद्रावरून वळायचं आणि पुन्हा आग्नेयेकडे तोंड करून उतरायचं. (त्या विमानतळाला रोलँ गॅरोसचं नाव आहे. पॅरिसच्या टेनिस स्पर्धेलाही त्याचंच नाव आहे, पण तो होता वैमानिक, मूळचा सेंट डेनिसचा.)

याहून छोटी उड्डाणंही आहेत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. पण ते आठ-नऊ माणसांचं विमान, आणि दोन्ही बेटं एकाच देशातली.

तुमची खरी अडचण देश वेगळे असण्याची आहे. रियुनियन म्हणजे फ्रान्स. प्रवास पाऊण तासाचा असला तरी विमानतळावर दोन-अडीच तास आधी जायचं, जाता-येता पासपोर्टची रांग, सामान तपासणी. चार वेळा इमिग्रेशन होतं बघा. व्हिसाचं आधी बघा. मॉरिशसला भारतीयांना सहज प्रवेश मिळतो म्हणून रियुनियनलाही मिळेल असं धरू नका, आणि साधा शेंगेन व्हिसाही (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) तिथे आपोआप चालत नाही. घड्याळ तेवढं बदलावं लागत नाही. दोन्ही बेटं आपल्या दीड तास मागे.

एका दिवसात जाऊन या असं मी तरी सांगणार नाही. दिवस रांगेतच जाईल, ज्वालामुखी आणि सिलाओसचे डोंगर राहून जातील. दोन मुक्काम जमत असतील तरच तिकीट काढा, नाहीतर ते पैसे मॉरिशसमध्येच खर्च करा की.

आणि मॉरिशसचं विमान पकडायला सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईचं तिकीट वेगळं काढणार असाल तर आदल्या दिवशीचं काढा. तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान लेट झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.