हायस्कूल फुटबॉलमध्ये लाइन जजने नेमकं कुठे उभं राहायचं?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत क्रिकेटची अंपायरिंग करता, यंदा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलसाठी पाच जणांच्या क्रूमध्ये लाइन जज (साइडलाइनवरून बघणाऱ्या दोन पंचांपैकी एक) म्हणून नाव लागलंय, तर उभं कुठे राहायचं, बघायचं काय आणि रेफरीची पांढरी टोपी मिळायला किती वर्षं लागतात. टोपीचं नंतर बघू.

उभं राहायचं साइडलाइनवर, लाइन ऑफ स्क्रिमेजच्या, म्हणजे बॉल ठेवून जिथून चाल सुरू होते त्या रेषेच्या, बरोबर रेषेत. जुनी मंडळी सांगतील की सगळ्यात बाहेरच्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) पलीकडे चार-पाच यार्डांवर, मैदानाच्या आत थांब. ऐकून घ्या, मान हलवा आणि साइडलाइनवर जा. धाव तुमच्या बाजूला वळली की आत उभा असलेला पंच एक तर ब्लॉकरच्या पायात येतो, नाहीतर पाठ फिरवून पळतो, आणि पाठ फिरली की बॉल गेला नजरेआड. साइडलाइनवरचा माणूस दोन पावलं मैदानाबाहेर सरकतो, धावणाऱ्याला पुढे जाऊ देतो आणि पाच-सात यार्ड मागून निघतो.

त्यासाठी साइडलाइनबाहेरचा २ यार्डांचा पट्टा मोकळा हवा. कोच लोक हमखास त्यात येऊन उभे राहतात. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा ५ यार्ड, त्यापुढे १५. ताकीद पहिल्याच क्वार्टरमध्ये देऊन टाका. चौथ्यात दिली की तो सूड वाटतो.

स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, आधी करायची कामं ठरलेली असतात. डाउन (चारांपैकी कितवा प्रयत्न) किती, तो मोजायला बोटात घातलेल्या रबरावर आणि समोरच्या साइडलाइनवर चेन धरणाऱ्यांच्या आकड्याच्या बॉक्सवर आकडा एकच आहे ना, बॅकफिल्डमध्ये, म्हणजे लाइनच्या मागे, चारपेक्षा जास्त नाहीत ना. हे चारचं मोजणं २०१९ पासून महत्त्वाचं झालं. आधी लाइनवर सात हवेत असं बघायचो, आता लाइनवर किमान पाच आणि मागे जास्तीत जास्त चार. एखाद्या संघाचे दहाच खेळाडू मैदानात असले तरी चारांचा हिशेब चुकत नाही. तुमच्याकडचा रिसीव्हर लाइनच्या मागे असेल तर हात बॅकफिल्डच्या दिशेने आडवा धरा, म्हणजे समोरच्या विंगला (पलीकडच्या साइडलाइनवरच्या पंचाला) कळतं. स्नॅप झाला की नजर बॉलवर नाही, तुमच्या बाजूच्या टॅकलवर, म्हणजे लाइनच्या टोकाजवळच्या ब्लॉकरवर. तो पुढे घुसला तर धाव, मागे बसला तर पास.

डाउन संपला की पुढचा पाय जिथे फॉरवर्ड प्रोग्रेस (बॉलची पुढची चाल) थांबली त्या रेषेवर ठेवा आणि काटकोनात वळून आत या. तिरके धावत आलात की दोन पावलांत जागा हरवते. शिट्टी मात्र बॉल डोळ्यांनी दिसल्याशिवाय वाजवायची नाही. ढिगाखाली गेला म्हणजे मेला असं नसतं, तो कधीकधी दुसऱ्या बाजूने पळत असतो. चुकून वाजली आणि बॉल कुणाच्या हातात असेल, तर त्या संघाला निवड मिळते: तिथूनच पुढे खेळायचं की तोच डाउन परत. दोन्ही पर्यायांत तुमच्यावर ओरडणारं कुणीतरी असतंच.

आता गोल लाइन. खरं सांगायचं तर उत्तर लिहायला घेतलं ते यासाठीच.

स्नॅप गोल लाइनपासून १० यार्डांच्या आत असेल तर बॅक जज (सगळ्यात मागे उभा असलेला पंच) एंड लाइनवर, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या रेषेवर जातो, म्हणजे गोल लाइन पूर्णपणे दोन विंग्जची. स्नॅप ५ यार्डांवर किंवा त्याच्या आत असेल तर स्नॅप होताक्षणी सरळ पायलॉन (गोल लाइनच्या टोकावरचा छोटा खांब) गाठायचा आणि तिथून मागे बघत निर्णय द्यायचा. धावणाऱ्याबरोबर निघायचं नाही, त्याच्या आधी पोचायचं. एवढ्या साध्या गोष्टीवरून आमच्या क्रूमधल्या एका पांढऱ्या टोपीवाल्याशी माझं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. त्याचा हुकूम होता की विंगने लाइन ऑफ स्क्रिमेजवरच थांबायचं आणि बॉल ती लाइन ओलांडेल तेव्हा निघायचं.

थर्ड अँड गोल (तिसरा डाउन, पुढे थेट गोल लाइन), बॉल ३ यार्डांवर, माझ्या जवळच्या हॅश मार्कवर (मैदानात आखलेल्या आडव्या खुणेवर). डाइव्ह, म्हणजे सरळ मध्ये घुसायची धाव, गार्डच्या (लाइनच्या मध्याजवळच्या खेळाडूच्या) अंगावरून. धावणारा गोल लाइनवर उभाच अडकला, बॉल रेषेच्या पुढे गेला आणि त्याच क्षणी बचावातल्या लाइनबॅकरने त्याला उचलून २ पर्यंत मागे ढकललं. मी पायलॉनवर होतो, हात वर. समोरचा विंग हुकुमाप्रमाणे लाइनवर थांबलेला. तो पळत आत आला तेव्हा त्याला दिसला मागे ढकललेला माणूस, आणि त्याने १ वर पाय रोवला. म्हणजे एकाच डाउनवर एका बाजूला टचडाउन, दुसऱ्या बाजूला फोर्थ अँड गोल, आणि दोन्ही कोच आपापला सोयीचा पंच दाखवून ओरडतायत. टोपीवाल्याने दोघांना बोलावून बॉल कुणी पाहिला एवढंच विचारायला हवं होतं. समोरच्याने पाठी पाहिल्या होत्या. टचडाउन राहिलं. पण पार्किंग लॉटमध्ये ऐकून कुणी घेतलं, तर मी.

त्याचं म्हणणं एक: स्नॅपला लाइन सोडली तर एनक्रोचमेंट (आधीच लाइन ओलांडणं) आणि फॉल्स स्टार्ट (आधीच हलणं) कोण बघणार? अरे बाबा, त्या दोन्ही गोष्टी स्नॅपच्या आधी घडतात, आणि स्नॅपपर्यंत मी लाइनवरच असतो. दोन: धावणारा आधीच थांबला तर स्पॉट कोण देणार? गोल लाइनवरून १ किंवा २ वर परत यायला किती पावलं लागतात? उलट लाइनवरून गोल लाइनपर्यंत उशिरा पोचलेल्या माणसाला जे घडून गेलं ते परत बघता येत नाही. तीन: बॅकवर्ड पास, म्हणजे मागच्या दिशेने टाकलेला पास. हा मुद्दा खरा आहे, त्याच्याकडे येतो.

तुम्ही क्रिकेटचे, तुम्हाला हे सांगायची गरजच नाही. रन आउट द्यायचा असेल तर अंपायर क्रीजच्या रेषेत जातो, चार पावलं बाजूला थांबून अंदाज बांधत नाही. इथलं गणितही करून बघा. हायस्कूलच्या मैदानावर हॅश मार्क साइडलाइनपासून ५३ फूट ४ इंच आत असतो, म्हणजे पावणेअठरा यार्ड. तुम्ही ४ यार्डांच्या रेषेवर उभे राहून तिरकं बघताय आणि बॉल मैदानात किती आत आहे याचा अंदाज २ यार्डांनी चुकला, तर गोल लाइनवरचा तुमचा अंदाज जवळजवळ अर्ध्या यार्डाने सरकतो. अख्खा बॉल ११ इंच लांब. गोल लाइनच्या रेषेतच उभे राहिलात तर हीच चूक शून्य होते, कारण बॉल किती आत आहे याने काही फरकच पडत नाही. हे मी त्याला कागदावर काढून दिलं होतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच सांगितलं.

हात वर करण्याबद्दलही सांगतो. थांबा, बॉल बघा, मग हात. समोरच्याने हात वर केले म्हणून तुम्ही करू नका, तुम्हाला दिसला नसेल तर गप्प उभे राहा. अंपायर, म्हणजे बचावफळीच्या मागे उभा असलेला, त्याने टचडाउनची खूण करायचीच नाही. फार तर छातीशी बोट धरून विंगला हळूच इशारा.

आता तो तिसरा मुद्दा. स्नॅप ५ ते १० मध्ये असेल तर मी म्हणतो तसं आंधळेपणाने पळू नका. एक-दोन पावलं थांबून टॅकल वाचा. धाव असेल तर धावणाऱ्याच्या आधी गोल लाइन, आणि बाहेर झटपट टाकलेला पास असेल तर तो पुढे गेला की मागे हे लाइनवरूनच दिसतं. मागे गेला तर हात मागे ताणून खूण करा, म्हणजे तो जमिनीवर पडला तरी कुणी शिट्टी वाजवणार नाही. ५ च्या आत अशा पासवर आपण थोडं गमावतो, मान्य. पण तिथे निकाल बहुतेक वेळा गोल लाइनच्या पट्टीवर लागतो.

पहिल्या सामन्याच्या प्री-गेममध्ये बाकी काही विचारलं नाहीत तरी चालेल, एवढं विचारा: स्नॅप ४ वर असेल तर समोरचा विंग कुठे असणार? टोपीवाला लाइनवरच थांबा म्हणाला तर नवीन माणसाने दोघांसाठी एकच पद्धत मागून घ्यावी. एक इकडे, एक तिकडे हे सगळ्यात वाईट, वर सांगितलंच.

टोपीचं म्हणाल तर घाई कशाला? सारा थॉमस मिसिसिपीतल्या शाळांच्या सामन्यांपासून सुरू झाल्या, २०१५ मध्ये एनएफएलच्या पहिल्या पूर्णवेळ महिला पंच झाल्या आणि फेब्रुवारी २०२१ चं सुपर बोल त्यांनी केलं ते डाउन जज म्हणून, म्हणजे चेनच्या बाजूच्या लाइनवरून.

आणि हो, तुम्हाला ज्युनियर व्हर्सिटीचे (शाळेच्या दुय्यम संघाचे) सामने मिळाले तर क्रू चारचा असेल, बॅक जज नसतो, मग गोल लाइनबरोबर एंड लाइनही तुमच्याच गळ्यात. पुढेमागे टेक्सासला बदली झाली तर तिथे हायस्कूलही कॉलेजच्या नियमांनी खेळतं, त्यामुळे हे वाचलेलं तिथे जसंच्या तसं लावू नका.