वाचकांचे प्रश्न : विजेची मोटार लीजवर घ्यावी का?

प्रश्न : गेल्या आठवड्यात मी निस्सान लीफ ही विजेवर चालणारी मोटार वीस मिनिटे चालवून पाहिली. इंजिनाचा आवाज नाही, गिअर बदलणे नाही आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी वेग घेते, हे मला फार आवडले. माझे कार्यालय घरापासून 35 किलोमीटरवर आहे व वाटेतला बराचसा रस्ता महामार्गाचा आहे. घरी पार्किंगची स्वतःची जागा आहे. विकत घेण्याऐवजी तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे हप्ता भरून ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घ्यावी, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : आपल्याला ही गाडी आवडली याचे आश्चर्य वाटत नाही. विजेची मोटर स्थिर अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत ही गाडी कोणालाही जिंकून घेते. मात्र आपला प्रश्न त्या वीस मिनिटांचा नसून रोजच्या 70 किलोमीटरचा आहे, आणि त्याचे उत्तर शोरूमभोवतीच्या फेरीतून मिळत नाही.

2011 च्या लीफची बॅटरी 24 किलोवॉट-तासांची, म्हणजे घरगुती भाषेत 24 युनिटांची आहे. एकदा चार्ज केल्यावर ही गाडी किती अंतर जाते, याचे जपानी चाचणीतील उत्तर 200 किलोमीटर, युरोपीय चाचणीतील 175 आणि अमेरिकी चाचणीतील सुमारे 117 आहे. गाडी तीच असून फरक फक्त चाचणीच्या पद्धतीचा आहे. आपण यांतला सर्वांत लहान आकडा धरावा आणि हिशेब आजच्या नव्या गाडीचा न करता लीजच्या तिसऱ्या वर्षातील हिवाळ्याचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, तोपर्यंत बॅटरीची क्षमता 15 टक्क्यांनी घटली, तर 117 चे सुमारे 100 किलोमीटर उरतील. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता हीटरला फुकट मिळते, पण या गाडीत ती ऊब बॅटरीतूनच घ्यावी लागते. थंडी आणि महामार्गावरचा वेग मिळून आणखी एक तृतीयांश अंतर गेले, तर हाती 66 किलोमीटर राहतात. आपल्याला लागतात 70.

म्हणून आपल्या बाबतीत सगळा निर्णय कार्यालयात चार्जिंगची सोय आहे की नाही, यावर अवलंबून आहे. तिथे साधा सॉकेट जरी दिवसभर वापरता आला, तरी वरची चिंता मिटते आणि मी निःसंकोचपणे लीज घ्या असे म्हणेन. ती सोय नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी थांबावे, कारण रोज संध्याकाळी घरी पोहोचू की नाही या धास्तीत गाडी चालवण्यात सुख नाही.

निर्णयापूर्वी विक्रेत्याकडे पुन्हा एकदा टेस्ट ड्राइव्ह मागा आणि या वेळी घर ते कार्यालय हाच रस्ता, आपल्या नेहमीच्या वेगाने, हीटर किंवा एसी चालू ठेवून, जाऊन-येऊन चालवा. निघण्यापूर्वी सरासरी वीजवापराची नोंद शून्यावर आणा आणि परतल्यावर तीच पाहा. उरलेल्या अंतराचा जो आकडा पडद्यावर दिसतो, तो नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढलेला अंदाज असल्यामुळे आपल्याआधी कोणी गाडी सावकाश चालवली असेल, तर तो फुगलेला दिसतो.

विकत की लीज, या प्रश्नावर मात्र विक्रेत्याचा सल्ला योग्य वाटतो. ही मोटार डिसेंबर 2010 मध्ये बाजारात आली. तीन वर्षांनंतर जुन्या लीफला काय भाव येईल, हे खात्रीने सांगता येत नाही. लीजचा हप्ता मुख्यतः गाडीची आजची किंमत आणि करारात धरलेली तीन वर्षांनंतरची किंमत यांच्या फरकावर ठरतो; प्रत्यक्षात भाव त्याहून खाली गेला, तर तोटा लीज देणाऱ्याचा होतो. बॅटरीचेही तसेच आहे. 2011 च्या लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था नव्हती. 2012 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात अनेकांच्या गाड्यांच्या पडद्यावर बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणाऱ्या 12 पट्ट्यांपैकी काही अपेक्षेपेक्षा लवकर विझल्या. त्यानंतर कंपनीने अमेरिकेत पाच वर्षे किंवा 60,000 मैलांपर्यंत पट्ट्या नऊच्या खाली गेल्यास दुरुस्तीची हमी दिली. आपल्या करारात अशी हमी आहे का, हे लेखी विचारून घ्या. किलोमीटरची वार्षिक मर्यादाही पाहा, कारण केवळ कार्यालयाच्या फेऱ्याच वर्षाला 17,000 किलोमीटरच्या आसपास जातील.

प्रश्न : लीज संपल्यावर तीच गाडी ठेवून घेता येते का?

उत्तर : करारात खरेदीचा हक्क आणि त्याची किंमत लिहिलेली असेल, तरच येते. जनरल मोटर्सने 1996 मध्ये आणलेली ईव्ही-1 ही गाडी ग्राहकांना फक्त लीजवर मिळत असे. मुदत संपल्यावर ती विकत घेण्याची अनेकांची तयारी असूनही कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. हक्क लिहिलेला असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाजारभाव पाहून मगच तो वापरायचा की नाही हे ठरवा.